पाटणादेवीहून पितळखोऱ्याला पायी: अलीकडे कोणी गेलंय का?

सातमाळ पायी (धागाकर्ता)

पितळखोरं बघायला बहुतेक लोक कन्नडच्या बाजूनं पठारावर गाडी लावतात, पायऱ्या उतरतात, लेण्यांपुढे फोटो काढतात आणि तासाभरात धापा टाकत परत वर येतात. मी स्वतः तीनदा तसाच गेलोय. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा खालून गेलो. म्हणजे चाळीसगावहून पाटणादेवी आणि तिथून नाल्याच्या काठाकाठानं वर, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातून.

आधी वनखात्याच्या चौकीवर नाव नोंदवलं, परवानगीचं विचारलं. तिथल्याच एका भावाला वाटाड्या म्हणून सोबत घेतलं. त्याच्याशिवाय गेलो असतो तर हा धागा 'मदत हवी' विभागात निघाला असता.

देवळामागून सुरुवातीला डोंगरी नदीचं पात्र आहे, नुसते धोंडे. काही धोंडे बैलगाडीएवढे. वाटाड्या म्हणाला, यातले बरेच आधी इथं नव्हतेच, ३१ ऑगस्ट २०२१ च्या पुरानं आणून टाकले. त्या रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगावात बाजारपेठेत पाणी शिरलं, ते सगळ्यांना आठवत असेल. वर डोंगरात त्याच पाण्यानं काय केलं ते मात्र इथं चालल्याशिवाय कळत नाही. जुनी वाट दोन-तीन ठिकाणी सरळ कापून नेलीये. तिथं पात्रात उतरायचं आणि पुढे परत काठावर चढायचं.

मग रान सुरू होतं. अंजन, सलई, मधूनमधून साग, आणि धावडा. डिसेंबरात धावड्याची पानं तांब्याच्या भांड्यासारखी होतात, ऊन पडलं की अख्खा उतार तापल्यासारखा दिसतो. पहिल्या दोन तासांत माणूस एकच भेटला. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई. आम्हाला बघून वाटेच्या बाजूला झाली, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि आम्ही पुढे गेल्यावर चालू लागली. एक शब्द नाही.

एका ठिकाणी वाटाड्या थांबला. वाटेत मधोमध विष्ठा. त्यानं काडीनं फोडून दाखवली, आत बोराच्या बियाच बिया आणि थोडे मुंग्यांचे पंख. "अस्वलाची. रात्रीचीच आहे." तिथून पुढे तो मोठ्यानं बोलत चालला. विषय काहीही, कापसाचा भाव, मेव्हण्याचं लग्न. अस्वलाची नजर अधू असते, माणूस एकदम समोर आला की ते घाबरून अंगावर येतं. आवाज आधी पोचला तर बाजूला निघून जातं. मी शांततेसाठी गेलो होतो आणि निम्मी वाट मेव्हण्याच्या लग्नात गेली.

एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. चढाच्या मध्यावर एक उताणा काळा खडक आहे, वाट त्याच्यावरून जाते. त्या खडकाला मधोमध वीतभर रुंद घळ पडलीये, गुळगुळीत, हात फिरवला तर पाट्यासारखी. पाण्यानं म्हणावं तर ती उताराला आडवी आहे. वाटाड्याला विचारलं, तर म्हणाला पहिल्यापासून आहे. कोणाला माहिती आहे का?

वर पोचायला साडेतीन तास लागले, आणि आम्ही रमतगमत चालणारे नाही. परतताना संध्याकाळ नको म्हणून लेण्यांवर फक्त एक तास थांबलो.

---

अर्धवट ट्रेकर

भारी! वाटेची जीपीएक्स फाईल (जीपीएसचा ट्रॅक) टाका ना, पुढच्या रविवारी आम्ही आठ जण आहोत.

---

नियमवाला

आधी एक दुरुस्ती. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या धाग्याची लिंक 'खान्देशातलं नॅशनल पार्क' म्हणून फिरतीये. खान्देशात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. राज्यात सहा आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. आपल्याकडे अभयारण्यं आहेत. गौताळा १९८६ चं, साधारण २६० चौरस किलोमीटर, काही भाग जळगाव जिल्ह्यात, बराचसा संभाजीनगरात. यावल त्याहून जुनं, १९६९ चं.

हा नुसता शब्दांचा फरक नाही. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला कायद्यानं बंदीच आहे. अभयारण्यात चराईवर नियंत्रण ठेवता येतं, काही हक्क चालू राहू शकतात. त्यामुळे ती गवतवाली बाई बाजूला का झाली, हे अंदाजानं लिहू नका. परवानगीशिवाय आत जाणं मात्र दोन्हीकडे गुन्हा, १९७२ चा वन्यजीव कायदा. आठ जणांनी रविवारी सकाळी आधी चौकी गाठावी, फाईल नंतर.

---

सातमाळ पायी

नियमवाला, दुरुस्ती मान्य. बाईबद्दल मी अंदाज केलेलाच नाही, दिसलं ते लिहिलं.

अर्धवट भाऊ, फाईल टाकणार नाही. रागावू नका. एक तर ती चुकीची आहे. दरी इतकी अरुंद आहे की सॅटेलाइटचे सिग्नल कड्यांवर आपटून येतात. माझ्या ट्रॅकनुसार मी दोनदा कड्याच्या पोटातून चालत गेलोय आणि एकदा हवेत. दुसरं म्हणजे, फाईल टाकली की पुढच्या पावसाळ्यात केदारकुंड धबधब्याचं जे होतं ते या वाटेचं होईल. शनिवार-रविवारी तिथं धबधब्यापेक्षा ब्लूटूथ स्पीकरचा आवाज जास्त असतो.

---

अर्धवट ट्रेकर

म्हणजे तुम्ही जाऊन आलात, आता दार लावून घ्या. छान. मग इथं लिहिलंत कशाला? पुण्या-मुंबईच्या लोकांना राजमाची-हरिश्चंद्रगडाची एकेक पायरी नेटवर मिळते. आपल्याकडे एक चांगली वाट आहे तर ती गुपित. खान्देशात बघायला काही नाही हे ऐकून आम्ही मोठे झालो, ते याच्यामुळेच.

---

कळण्याची भाकरी

अर्धवटचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाहीये हं. माझ्या मुलांना सिंहगड माहिती आहे, पाटणादेवी नाही. आणि माहेर माझं भडगाव!

सातमाळ दादा, दहा-अकरा वर्षांची मुलं जातील का? आणि पाणी वाटेत मिळतं का?

---

सातमाळ पायी

ताई, अख्खी वाट नको. देऊळ, मग धवलतीर्थ धबधब्याच्या बाजूला जेवढं जमेल तेवढं, आणि परत. मुलांना तेवढ्यातच माकडं, मोर आणि भरपूर धोंडे मिळतील. पाणी डिसेंबरात डोहांमध्ये होतं, पण प्यावं असं नव्हतं. मी चार लिटर नेलं, ते पुरलं नाही. होळीनंतर तर नालाच कोरडा पडतो, आणि तेव्हा मोहाची फुलं पडायला लागतात, म्हणजे अस्वलं पहाटेपासून मोहाखालीच. त्या दिवसांत मी तरी जाणार नाही.

आणि जुने पायमोजे घाला, फेकून देता येतील असे. कुसळी. घरी येऊन दिव्याखाली बसून चिमट्यानं एकेक कुसळ काढत होतो, बायको म्हणाली मोजे जाळ. शेवटी जाळलेच.

---

धुळेकर

खालून वर जाणं त्यातल्या त्यात सोपं. आम्ही उलटं केलं होतं, काही वर्षांपूर्वी, वाटाड्या न घेता. वर पितळखोरं बघितलं आणि म्हटलं नाला तर खालीच जातो, पाटणादेवीला पोचवेलच. पण पठाराच्या कडेला प्रत्येक नाल्याचं तोंड सारखंच दिसतं. आम्ही शेजारचा धरला. तासभर मस्त उतार, आणि मग एकदम कडा. पावसाळ्यात तिथं धबधबा असणार. पाण्याला उडी मारता येते, आम्हाला नाही.

परत वर चढेपर्यंत अंधार. तिघांत एक टॉर्च. मोबाइलला रेंज नाही. एकाच्या पायात गोळा आला, त्याला दोघांनी आळीपाळीनं धरून आणलं. रात्री साडेनऊला रस्त्याला लागलो तेव्हा आमचा ड्रायव्हर रडकुंडीला आलेला. अर्धवट भाऊ, आठ जण असाल तर आठ टॉर्च घ्या.

आणखी एक. लेण्यांच्या कड्यावर आग्या मोहोळं बघितली आम्ही. अत्तर, स्प्रे, सिगारेट, काही नको.

---

तितूरकाठचा नाना

नातवानं हे वाचून दाखवलं म्हणून लिहितोय, टायपिंग त्याचंच आहे.

भो, तू ज्याले ट्रेक म्हणस ती आमना आजानी गुरंस्नी वाट शे.

आता सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत. तुझी ती घळ खुरांची आहे. वरच्या पठारावरून बैल, गोऱ्हे, शेळ्या खाली आणायचे बाजाराला आणि न विकलेले परत न्यायचे. गुरं एकामागे एक चालतात, जिथं पुढच्यानं पाय ठेवला तिथंच मागचं ठेवतं. खडक किती दिवस टिकेल? मी दहा-बारा वर्षांचा असताना आजाबरोबर दोनदा गेलोय. त्या खडकावर आजा बैलाची शेपटी धरायचा आणि मला म्हणायचा, तू माझं धोतर धर. पावसाळ्यात तिथं शेण कालवून टाकायचे, खूर घसरू नये म्हणून.

नवरात्रात तर वरच्या गावांची माणसं रात्रीच निघायची. कंदील घेऊन. खालून बघितलं तर डोंगरावरून दिव्यांची माळ उतरताना दिसायची. पाटणादेवीच्या चंडिकेला पहाटे पोचायचे, नारळ फोडायचे, दुपारी परत. त्याला कोणी शांत वाट म्हटलं असतं तर लोक हसले असते. एवढी गर्दी.

घाटातून एसट्या सुरू झाल्या, मग जीपा झाल्या, मग अभयारण्य झालं. वाट आपोआप बंद पडली. कोणी बंद केली नाही.

म्हणून मला ते फाईलचं भांडण समजत नाही. वाट चालली नाही तर दोन पावसात रान तिला खाऊन टाकतं. करवंदीची जाळी आली की संपलं.

---

सातमाळ पायी

नाना, नमस्कार. तुमचं धोतराचं वाचून मी दहा मिनिटं काही लिहू शकलो नाही. त्या खडकाचा मी फोटो काढलाय, तुमच्या नातवाला पाठवतो. घळ उताराला आडवी का, तेही आता कळलं: जड बैल सरळ उतरत नाही, तिरपा उतरतो.

---

शिलालेखवेडी

नाना, तुम्ही 'बाजार' म्हणालात ना, तो धागा बराच मागे जातो.

पाटणादेवी म्हणजे जुनं पाटण. आज देऊळ आणि पडके अवशेष आहेत, पण यादवकाळात ही भरलेली पेठ होती. इथला शके ११२८ म्हणजे इ.स. १२०६-०७ च्या सुमाराचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवांचा राजज्योतिषी, यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला आणि इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोईदेव-हेमाडीदेव यांनी त्याला दानं दिली, असं तो लेख सांगतो. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणी या गणित-ज्योतिषाच्या ग्रंथाचा अभ्यास व्हावा म्हणून नेमून दिलेला मठ, या जंगलाच्या तोंडाशी!

लेखाचा मोठा भाग संस्कृत आहे, पण दानाचा तपशील मराठीत. मला कायम वाटतं, मुद्दाम. श्लोक पंडितांसाठी, कर कोणी किती द्यायचा ते मात्र बाजारातल्या माणसाला कळायला हवं. पाटणात जो माल विकायला येईल त्यावरचा राजाचा वाटा मठाला, आणि तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळी-पळी तेल. म्हणजे गणिताचे विद्यार्थी ज्या दिव्याखाली बसत त्याचं तेल इथल्या तेल्यांचं.

आणि वरच्या टोकाला पितळखोरं त्याहून तेराशे-चौदाशे वर्षं जुनं. तिथल्या लेखांत पैठणच्या दात्यांची नावं आहेत, त्यात एक गंधिक, म्हणजे सुगंधी मालाचा व्यापारी. तिथून मिळालेल्या बुटक्या हसऱ्या यक्षाच्या हातावर कोरलंय की हा कण्हदास नावाच्या सोनारानं केला. सोनारानं दगड घडवलाय, यक्षाचे दागिने बघितले की पटतं. मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

नानांची गुरवाट हीच दोन हजार वर्षांपूर्वीची व्यापारी वाट, असं मी म्हणणार नाही. पण वर लेणी, खाली पेठ आणि मध्ये एकच दरी. माणसं ये-जा करत नसतील असं कसं मानायचं?

---

अर्धवट ट्रेकर

ताई, भास्कराचार्य इथलेच ना? आम्हाला शाळेत तसंच सांगितलंय.

---

शिलालेखवेडी

त्यांनी स्वतः गावाचं नाव 'विज्जडविड' दिलंय, सह्याद्रीच्या कुशीतलं. ते म्हणजे पाटणच, असं मानणारे आहेत, विजापूर म्हणणारेही आहेत. जन्म शके १०३६, म्हणजे १११४, एवढं पक्कं. मी चाळीसगावची असल्यानं माझं मत विचारू नका.

---

शहाद्याची वाट

विषयांतर करतो. शांत वाटाच हव्या असतील तर आमच्या तोरणमाळला या. आता घाटरस्ता झाला म्हणून सगळे गाडीनं यशवंत तलावापर्यंत जातात आणि सीताखाईत डोकावून परत येतात. पाड्यांवरून चढणाऱ्या पायवाटा अजून आहेत, आणि त्या गुपित वगैरे नाहीत. पावरा-भिल पोरं रोज त्यावरून शाळेत जातात.

तुमचा तो 'औट्रम' कोण माहीत आहे ना? १८२५ मध्ये भिल्लांना काबूत आणायला इंग्रजांनी भिल्ल पलटण उभी केली, धरणगावला, ती उभी करणारा जेम्स औट्रम. म्हणजे अभयारण्याच्या नावात अर्धा गौतम ऋषी आणि अर्धा साहेब. ज्यांच्या वाटा होत्या त्यांचं नाव कुठेच नाही. असो.

---

नियमवाला

हा 'असो' बरोबर नाही, यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

इथं एकच भर. २०२१ च्या मार्चमध्ये गौताळ्यात कॅमेऱ्यात वाघ दिसला होता, यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याहून शेकडो किलोमीटर चालत आलेला नर. कित्येक दशकांनी. त्यानं परवानगी घेतली नव्हती हे मान्य. पण तो आला, कारण असे पट्टे अजून शांत आहेत. नाना म्हणतात वाट चालली पाहिजे, ते मला पटतं. पण कंदील घेऊन येणारे लोक आणि स्पीकर घेऊन येणारे लोक यांत फरक आहे.

---

तितूरकाठचा नाना

फरक आहे. आमच्या काळी पण ढोल असायचे हो. वाघ तेव्हाही होते, असं आजा सांगायचा.

---

अर्धवट ट्रेकर

बरं, ठीक आहे. आज चौकीवर स्वतः जाऊन आलो. आठच्या आठ नको, चार-चार जा, असं तिथल्या दादांनी सांगितलं. फाईल नको. सातमाळ भाऊ, तो तुमचा वाटाड्या मिळेल का? मेव्हण्याच्या लग्नाचं पुढे काय झालं तेही ऐकायचंय.

---

सातमाळ पायी

मिळेल, त्याच्याशी बोललोय. रविवारचे पैसे आधीच ठरवून घ्या, आणि घासाघीस करू नका. कापसाच्या वेचणीला जेवढी मजुरी मिळते त्याच्यापेक्षा कमी दिलेत तर त्यानं यायचं कशाला? लग्न मोडलं म्हणे, पण कारण तोच सांगेल.

पहिल्या चौघांत मीही येतो. खडकाचं माप घ्यायचंय, शिलालेखताईंनी मागितलंय: लांबी, रुंदी, खोली, तीन ठिकाणी. आणि त्याच्या आजूबाजूला वाढलेली करवंदीची जाळी मला आठवतेय. ती तोडायची नाही, अभयारण्य आहे. पण खडकावर साचलेला पाचोळा हातानं बाजूला करता येईल.

---

तितूरकाठचा नाना

मी देवळापर्यंत येतो. वर नाही, मना गुडघा आते ऐकतस नही. नातू तुमच्याबरोबर चढेल, त्याला वाट दाखवा. खडकावर पोचलात की त्याला म्हणा, कोणाचं तरी धोतर धर.

---

सातमाळ पायी

नाना, आम्ही सगळे पॅन्टवाले. माझ्या बॅगेचा पट्टा धरेल.

रविवार, सकाळी साडेसहा, चाळीसगाव स्टेशनाबाहेर. प्रत्येकी टॉर्च, चार लिटर पाणी, जुने मोजे.

---

कळण्याची भाकरी

मी मुलांना घेऊन देवळापर्यंत येतेय. नानांसोबत बसू. भाकरी आणि ठेचा माझ्याकडे, कितीजण आहात ते शुक्रवारपर्यंत सांगा.